रग्बी : उगम, नियम आणि बुडालेल्या मजुरीचा प्रश्न

प्रस्तावना :

रग्बी हा खेळ आपल्याकडील बहुतेकांना दूरचित्रवाणीवरील एखाद्या ओझरत्या दृश्यापुरता परिचित असतो. लंबगोल चेंडू, चिखलाने माखलेले धिप्पाड खेळाडू आणि एकाच्या अंगावर पडलेले दहा जण, एवढेच त्याचे चित्र सामान्य प्रेक्षकाच्या मनात असते. क्रिकेट आणि फुटबॉल यांच्याच कुळात व जवळपास त्याच काळात घडलेल्या या खेळाचा इतिहास मात्र सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावा असा आहे. रग्बीचे आज युनियन आणि लीग असे दोन वेगळे खेळ का आहेत, त्यांचे नियम एकमेकांपासून का दुरावले आणि या खेळाच्या जन्माची जी कथा जगभर सांगितली जाते ती नेमकी केव्हा रूढ झाली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शेवटी एकाच मुद्द्याशी येऊन थांबतात. खेळ कोणी खेळावा आणि त्याची किंमत कोणी मोजावी, हा तो मुद्दा होय. प्रस्तुत लेखात रग्बीचा उगम, नियम आणि संस्कृती यांचा परिचय या सूत्राच्या आधारे करून दिला आहे.

एलिसची कथा :

इंग्लंडमधील वॉरिकशायर परगण्यात रग्बी नावाचे गाव असून तेथील शाळेवरून खेळास हे नाव पडले. शाळेच्या आवारात १९०० साली एक शिलालेख बसविण्यात आला. विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्याने १८२३ साली फुटबॉल खेळताना प्रचलित नियमांची पर्वा न करता चेंडू हातात घेऊन धाव घेतली आणि त्यातून रग्बीचे वैशिष्ट्य जन्मास आले, अशा आशयाचा मजकूर त्यावर कोरला आहे. कथा मोठी आकर्षक आहे. १९८७ पासून दिला जाणारा जागतिक स्पर्धेचा चषकही याच एलिसच्या नावाने ओळखला जातो.

या कथेचा पुरावा मात्र अत्यंत तोकडा आहे. मॅथ्यू ब्लॉक्सम या माजी विद्यार्थ्याने १८७६ साली शाळेच्या नियतकालिकास लिहिलेल्या पत्रात ती प्रथम आढळते. घटना घडली असे म्हणतात तेव्हा ब्लॉक्सम शाळेत नव्हता; त्याचे कथन ऐकीव होते. एलिस पुढे धर्मोपदेशक झाला व १८७२ साली फ्रान्समधील मांतों येथे निधन पावला. म्हणजे त्याला विचारून खातरजमा करण्याची वेळही टळून गेली होती. विद्यापीठीय जीवनात तो ऑक्सफर्डकडून केंब्रिजविरुद्धचा १८२७ चा क्रिकेट सामना खेळला होता. आपण एका नव्या खेळाचे जनक आहोत, असे त्याने कधी म्हटल्याची नोंद नाही.

शाळेच्या माजी विद्यार्थी संघाने १८९५ मध्ये या प्रश्नाची चौकशी आरंभिली व १८९७ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. समितीला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार एकही मिळाला नाही. शालेय जीवनावरील कादंबरीमुळे प्रसिद्ध असलेले लेखक टॉमस ह्यूज हे १८३४ मध्ये शाळेत दाखल झाले होते. त्या काळी चेंडू घेऊन धावण्यास स्पष्ट मनाई नव्हती, परंतु तसे करताना एखादा मुलगा प्राणास मुकला असता तर मुलांच्या ज्यूरीने तो वध समर्थनीयच ठरविला असता, अशा अर्थाची मिस्किल साक्ष त्यांनी दिली. धावण्याची ही रीत १८३८-३९ च्या सुमारास जेम मॅकी या बलदंड विद्यार्थ्यामुळे लोकप्रिय झाली व १८४१-४२ मध्ये ती विधिवत मान्य झाली, असेही समितीसमोर आले. तरीसुद्धा श्रेय एलिसला मिळाले.

चौकशीची तारीख येथे महत्त्वाची आहे. १८९५ हेच वर्ष रग्बीच्या फाळणीचे आहे. उत्तर इंग्लंडमधील गिरणी व खाण कामगारांचे संघ मूळ संघटनेतून बाहेर पडत असताना हा खेळ आमच्या शाळेचा आहे, हे दगडावर कोरून ठेवण्याची निकड माजी विद्यार्थ्यांना भासली. या दोन घटनांचा संबंध क्रीडा-इतिहासकारांनी अनेकदा जोडून दाखविला आहे आणि तो पटण्याजोगा आहे.

लेखी नियम आणि १८६३ चा वाद :

एलिसपेक्षा १८४५ सालची एक घटना अधिक भक्कम पुराव्यावर उभी आहे. त्या वर्षी २८ ऑगस्ट रोजी रग्बी शाळेतील तीन वरिष्ठ विद्यार्थ्यांनी तयार केलेले ३७ नियम संमत झाले. फुटबॉलच्या कोणत्याही प्रकाराचे हे आरंभीच्या मुद्रित नियमांपैकी होत. या तिघांपैकी विल्यम डेलाफील्ड अर्नोल्ड हा सुप्रसिद्ध मुख्याध्यापक टॉमस अर्नोल्ड यांचा मुलगा आणि कवी-समीक्षक मॅथ्यू अर्नोल्ड यांचा भाऊ. तो पुढे हिंदुस्थानात आला आणि १८५६ मध्ये पंजाबचा पहिला शिक्षण संचालक झाला. शालेय मैदानासाठी नियमावली लिहिणारा हात पुढे एका प्रांताच्या शिक्षणखात्याची घडी बसवू लागला, हा तपशील वसाहतकालीन शिक्षणाच्या अभ्यासकांना उद्बोधक वाटावा.

तोवर प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा होता. एक समान नियमावली करावी या हेतूने १८६३ च्या अखेरीस लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये फुटबॉल असोसिएशनच्या बैठका झाल्या. मतभेद दोन बाबींवर झाला. पहिली चेंडू घेऊन धावण्याची. दुसरी 'हॅकिंग'ची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याची. ब्लॅकहीथ क्लबच्या प्रतिनिधीने लाथ मारण्याचा हक्क हिरिरीने मांडला. तो काढून टाकला तर खेळातील धैर्यच संपेल आणि आठवडाभर सराव केलेले फ्रेंच लोकही आपणांस हरवतील, असा त्याचा युक्तिवाद होता. बहुमत विरोधात गेल्यावर ब्लॅकहीथ बाहेर पडला. आठ वर्षांनी, २६ जानेवारी १८७१ रोजी, २१ क्लबांनी मिळून रग्बी फुटबॉल युनियनची स्थापना केली. आणि गंमत अशी की, या नव्या संघटनेने आपल्या पहिल्याच नियमावलीत नडगीवर लाथ मारण्यास बंदी घातली. मसुदा करणारे तिघेही व्यवसायाने वकील होते. रग्बीत आजही 'रूल्स' न म्हणता 'लॉज', म्हणजे कायदे, असे म्हणतात, त्याचे कारण हेच सांगितले जाते.

त्याच वर्षी २७ मार्च रोजी एडिंबरो येथे स्कॉटलंड व इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. प्रत्येक संघात वीस खेळाडू होते. ही संख्या १८७७ पासून पंधरावर आली.

खेळाचे स्वरूप :

रग्बी युनियन समजून घेण्यासाठी एक नियम आधी ध्यानात घ्यावा. हाताने चेंडू पुढे देता येत नाही. तो बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. पुढे जायचे तर चेंडू घेऊन धावावे अथवा पायाने मारावा. परिणामी चेंडूवाहक नेहमी आपल्या संघाच्या अग्रभागी असतो आणि प्रतिपक्षाचा मारा प्रथम त्यालाच सोसावा लागतो. चेंडू हातून पुढे निसटला तर तो 'नॉक-ऑन' होतो. सहकाऱ्याच्या हातातील वा त्याने मारलेल्या चेंडूच्या पुढे राहून खेळात भाग घेणारा 'ऑफसाइड' ठरतो. बाकीचे बरेचसे नियम या तत्त्वाचे रक्षण करण्यासाठीच आहेत.

चेंडूवाहकास धरून खाली पाडणे म्हणजे 'टॅकल'. कबड्डीतील पकडीची येथे आठवण होते, परंतु फरक मूलभूत आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्यास दाबून ठेवण्यावर सारे अवलंबून असते. रग्बीत खाली पाडलेल्यास लगेच सोडावे लागते व त्यानेही चेंडू तत्काळ सोडावा लागतो. मग जमिनीवरील त्या चेंडूवरून उभ्याने जी रेटारेटी होते ती 'रक'. चेंडूवाहक उभाच राहिला आणि दोन्ही बाजूंचे खेळाडू त्याला बिलगले तर त्यास 'मॉल' म्हणतात. किरकोळ चुकीनंतर खेळ 'स्क्रम'ने सुरू होतो. दोन्ही संघांतील आठ-आठ 'फॉरवर्ड' तीन ओळींत खांद्याला खांदा लावून वाकतात, एकमेकांना भिडतात आणि मधल्या बोगद्यात टाकलेला चेंडू पायाने मागे ओढतात. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यास समांतर रांगांमधून तो आत फेकला जातो. यास 'लाइनआउट' म्हणतात.

गुणांच्या पद्धतीत खेळाचा इतिहास गोठलेला आहे. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकविणे म्हणजे 'ट्राय'. या शब्दाचा अर्थ प्रयत्न असा का, याचे नवख्यास कोडे पडते. प्रारंभी चेंडू टेकविल्याबद्दल एकही गुण नव्हता. त्यामुळे केवळ गोलखांबांमधून चेंडू मारण्याचा एक प्रयत्न करण्याची संधी मिळे. कालांतराने साधनाचे मोल साध्याहून वाढले. ट्रायला १९७१ मध्ये चार व १९९२ मध्ये पाच गुण ठरले. त्यानंतरच्या यशस्वी किकला आज दोनच गुण मिळतात, तर पेनल्टी व ड्रॉप गोल यांना प्रत्येकी तीन. चेंडूच्या लंबगोल आकारामागेही असेच जुने कारण आहे. रग्बी गावातील चर्मकार डुकराचा मूत्राशय फुगवून त्यावर कातडे शिवीत आणि चेंडू मूत्राशयाचा आकार घेई. रबरी पिशवी आल्यावरही तो आकार टिकून राहिला.

सामना चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो. पंचाशी बोलण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे कर्णधारालाच असतो आणि सामन्यानंतर दोन्ही संघांनी एकत्र खाणेपिणे करावे, असा संकेत आहे. फ्रेंच लोक त्यास 'तिसरे सत्र' म्हणतात.

बुडालेली मजुरी :

रग्बी उत्तर इंग्लंडमध्ये, विशेषतः यॉर्कशायर व लँकेशायर या परगण्यांत पोहोचला तेव्हा तो शाळा-महाविद्यालयांच्या कुंपणाबाहेर पडला. १८५० च्या कारखाना कायद्यामुळे कापड गिरण्यांतील स्त्रिया व तरुण कामगारांचे काम शनिवारी दुपारी दोनला संपू लागले आणि शनिवारची दुपार हळूहळू सर्वच कामगारांच्या खेळाची वेळ झाली. प्रेक्षक पैसे देऊन येऊ लागले, क्लबांची तिजोरी भरू लागली. परंतु सामना परगावी असला तर प्रवासासाठी कामगार खेळाडूस सकाळचे कामही सोडावे लागे आणि तेवढा रोज बुडे. वकील वा डॉक्टर खेळाडूस हा प्रश्न नव्हता. बुडालेल्या मजुरीस इंग्रजीत 'ब्रोकन टाइम' असे नाव होते, आणि तेवढी भरपाई द्यावी एवढीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. खेळण्याबद्दल वेतन द्या असे कोणी म्हणत नव्हते.

लंडनमध्ये सप्टेंबर १८९३ मध्ये भरलेल्या सर्वसाधारण सभेत यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी हा ठराव मांडला. तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला. हौशी खेळाडूने खेळातून छदामही घेऊ नये, हे तत्त्व विजयी झाले. येथे क्रिकेटचे उदाहरण आठवावे. इंग्लंडमध्ये 'जंटलमन विरुद्ध प्लेअर्स' हे सामने १९६२ पर्यंत चालू होते. म्हणजे तेथे पैसे घेणारा खेळाडू दुय्यम मानला तरी त्यास मैदानावर जागा होती. रग्बी युनियनने ती जागाच ठेवली नाही. ज्याला मजुरी बुडवणे परवडत नाही त्याने खेळू नये, असाच या निर्णयाचा व्यवहारातील अर्थ होता. हौशीपणाच्या तत्त्वास नैतिक तेज असेल, पण ते तेज ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता नाही त्यालाच परवडणारे होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वीसहून अधिक क्लबांनी 'नॉर्दर्न युनियन' स्थापन केली. बुडालेल्या दिवसाची भरपाई सहा शिलिंग ठरली. पुढे घडले ते अधिक मननीय आहे. प्रेक्षकांच्या तिकिटांवर उभ्या असलेल्या या संघटनेने खेळ वेगवान करण्यासाठी नियमच बदलत नेले. १८९७ मध्ये लाइनआउट रद्द झाली. १९०६ मध्ये खेळाडू तेरा झाले, आणि टॅकलनंतरची रेटारेटी जाऊन खाली पडलेल्या खेळाडूने उठून पायाने चेंडू मागे सारण्याची रीत आली. अर्थकारण आधी आणि नियम मागाहून, असा हा क्रम होता. याच खेळास १९२२ पासून रग्बी लीग हे नाव मिळाले. ऑस्ट्रेलियातही १९०७ मध्ये जखमी खेळाडूच्या भरपाईचा प्रश्न चिघळून सिडनीत लीगची वेगळी संघटना निघाली.

युनियनने लीगशी संबंध ठेवणाऱ्यांवर आजीव बंदीचे शस्त्र वापरले. पण ते सर्वांवर सारखे चालले नाही. वेल्समध्ये रग्बी हा कोळसा खाणींच्या खोऱ्यांतील लोकांचा खेळ होता. तेथील लाडका कर्णधार आर्थर गुल्ड याला १८९७ मध्ये लोकवर्गणीतून घर देण्यात आले. हे उघड उघड मोबदला देणे होते. आक्षेप आला, वेल्सची संघटना आंतरराष्ट्रीय मंडळातून काही काळ बाहेर पडली, आणि अखेर तडजोड झाली, कारण वेल्स गमावणे युनियनला परवडणारे नव्हते. यॉर्कशायरच्या गिरणी कामगाराचे सहा शिलिंग मात्र अक्षम्य ठरले होते.

या वैराची सर्वांत विलक्षण घटना फ्रान्समधील आहे. पेतां यांच्या विशी सरकारने १९४१ मध्ये हुकूम काढून रग्बी लीगवर बंदी घातली व तिच्या संघटनेची मालमत्ता जप्त केली. युद्धानंतरही दीर्घकाळ, १९९१ पर्यंत, फ्रान्समध्ये लीगला 'रग्बी' हे नाव वापरता आले नाही. तिला 'तेरा जणांचा खेळ' म्हणून दिवस काढावे लागले.

कलकत्त्याचा चषक आणि भारत :

भारताशी रग्बीचा संबंध जुना आहे. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यातील इंग्रजांनी स्कॉटिश, आयरिश व वेल्श लोकांविरुद्ध सामना खेळला आणि त्यातून १८७३ च्या आरंभी कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. तो फार काळ टिकला नाही. हवा प्रतिकूल होती, पोलो व टेनिसचे आकर्षण वाढले, आणि क्लबातील मोफत मद्यपान बंद झाल्यावर सभासदही गळाले, असे सांगतात. क्लब मोडताना सभासदांनी बँकेतील २७० चांदीचे रुपये काढून वितळविले आणि त्याचा चषक घडविला. मुठींच्या जागी फणा काढलेले नाग व झाकणावर हत्ती असलेला हा 'कलकत्ता कप' लंडनच्या संघटनेस देण्यात आला. इंग्लंड व स्कॉटलंड १८७९ पासून त्यासाठी खेळत आहेत.

भारतीयांच्या जीवनात मात्र तो उतरला नाही. फुटबॉल आणि हॉकी गल्लीबोळांत पोहोचले. रग्बी लष्कर, चहाचे मळे आणि बॉम्बे जिमखान्यासारख्या युरोपीयांच्या संस्थांपुरता राहिला. हे चित्र अलीकडे पालटत आहे आणि त्याची दिशा लक्षणीय आहे. भारतीय महिलांच्या पंधराजणींच्या संघाने २०१९ मध्ये मनिला येथे सिंगापूरवर २१-१९ असा आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळविला. निर्णायक पेनल्टी मारणारी सुमित्रा नायक ही भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या आदिवासी मुलामुलींच्या निवासी संस्थेत घडलेली खेळाडू. भारतीय संघाचे नेतृत्व केलेली वाहबिझ भरुचा पुण्याची. जून २०२५ मध्ये मुंबईत सात-सात खेळाडूंच्या सहा व्यावसायिक संघांची रग्बी प्रीमियर लीगही भरली. सातजणांचा हा प्रकार १८८३ मध्ये स्कॉटलंडच्या मेलरोज गावी क्लबास निधी मिळावा म्हणून सुरू झाला होता. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये फिजीने त्यातच आपले पहिलेवहिले ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण, मिळविले.

खेळ आणि ओळख :

साम्राज्याबरोबर गेलेला हा खेळ स्थानिकांनी आपलासा केल्याचे ठळक उदाहरण न्यूझीलंडचे आहे. सामन्यापूर्वी तेथील संघ 'हाका' हे माओरी सामूहिक नृत्य करतो. १८८८-८९ च्या दौऱ्यावर गेलेल्या, बहुसंख्य माओरी खेळाडू असलेल्या संघाने ती प्रथा इंग्लंडमध्ये नेली. 'का माते' हा सर्वपरिचित हाका ङाती तोआ जमातीचा प्रमुख ते राउपराहा याने १८२० च्या सुमारास रचला. त्याचे श्रेय त्या जमातीस देणारा स्वतंत्र कायदा न्यूझीलंडच्या संसदेने २०१४ मध्ये केला. तथापि याच देशाने १९६० मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर माओरी खेळाडूंना वगळून संघ पाठविला होता. १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडला आला तेव्हा निदर्शकांनी हॅमिल्टनच्या मैदानात घुसून सामना रद्द करावयास लावला. घराघरांत फूट पडली होती.

दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांच्या दृष्टीने स्प्रिंगबॉक ही हिरवी जर्सी दडपशाहीचे चिन्ह होती. म्हणूनच २४ जून १९९५ रोजी जोहान्सबर्ग येथे राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला तीच जर्सी घालून मैदानावर आले, याला एवढा अर्थ प्राप्त झाला. न्यूझीलंडला १५-१२ असे हरविणाऱ्या त्या संघात चेस्टर विल्यम्स हा एकमेव गौरेतर खेळाडू होता. सिया कोलिसी हा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार २०१८ मध्ये झाला आणि त्याच्या नेतृत्वाखाली देशाने २०१९ व २०२३ चे विश्वचषक जिंकले. चिन्हाचा अर्थ एका दिवसात बदलला. संघाची रचना बदलण्यास दोन दशके लागली.

१९९५ नंतर :

त्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांच्या संघटनांनी रुपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीशी दहा वर्षांसाठी ५५.५ कोटी डॉलरचा दूरचित्रवाणी करार जाहीर केला. दोन महिन्यांनी, ऑगस्टअखेर, पॅरिसमधील बैठकीत आंतरराष्ट्रीय मंडळाने युनियनमधील हौशीपणाची अट संपुष्टात आणली. हडर्सफील्डच्या सभेला शंभर वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा अवघे काही दिवस उरले होते. सहा शिलिंगांना दिलेला नकार दूरचित्रवाणीच्या कोट्यवधींपुढे टिकला नाही.

वेतन आले आणि त्याबरोबर खेळाडूंची शरीरे बदलली. पूर्णवेळ व्यायामामुळे वजन, वेग आणि आघाताची तीव्रता वाढली. २००३ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातील स्टीव्ह थॉम्प्सन यास चाळिशीच्या सुमारास स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. तो विजय आपणांस मुळीच आठवत नाही, असे त्याने जाहीरपणे सांगितले. त्याच्यासह अनेक माजी खेळाडूंनी २०२० मध्ये जागतिक, इंग्लिश व वेल्श संघटनांविरुद्ध कायदेशीर कारवाईस सुरुवात केली. डोक्यावरील वारंवार आघातांपासून आपले पुरेसे संरक्षण केले गेले नाही, हा त्यांचा दावा आहे. १८९३ मध्ये प्रश्न बुडालेल्या रोजाचा होता, आता बुडालेल्या आयुष्याचा आहे. आणि भरपाई मागणारे पुन्हा खेळाडूच आहेत.

यास अनुसरून नियमही हलू लागले आहेत. इंग्लिश संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये हौशी पातळीवर टॅकलची कमाल उंची कमरेपर्यंत खाली आणण्याचे ठरविले. क्लबांना विश्वासात न घेता हा निर्णय झाल्याने मोठा क्षोभ उसळला व संघटनेस माफी मागावी लागली. त्या वर्षीच्या जुलैपासून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाची मर्यादा लागू झाली. खेळातील मर्दुमकीच यामुळे नाहीशी होईल, असा आक्षेप त्या वादात अनेकांनी घेतला होता. नडगीवरील लाथेच्या बाजूने १८६३ मध्ये ब्लॅकहीथच्या प्रतिनिधीने हेच म्हटले होते.